फोनवर मागं पडलेला ठेका

अण्णा, गुलबर्ग्याहून तुमच्या सुनंदाचा फोन आला आणि ती "काका, अप्पा गेले" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? वाटलं, ही तुमचीच चाल आहे. दिग्या पेटीवाला अडीच महिने झाले बोलेना, भेटायला येईना, तर पोरीच्या तोंडून असलं काहीतरी सांगायचं आणि त्याला गुलबर्ग्याला ओढून आणायचं. मी तिला म्हणालो, "आधी अप्पाला फोन दे." ती रडायची थांबली. मग जावयानं फोन घेतला आणि नीट सांगितलं. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारातच संपलं, दुपारपर्यंत गावाकडं, कमलनगरला घेऊन येतो. फोन ठेवला तरी मी थोडा वेळ विचार करत होतो की जावयाचा आवाज एवढा शांत कसा.

संशयी माणूस मी. तुम्हीच म्हणायचात, "ह्याला पाणी दिलं तर आधी तांब्यात वाकून बगतो, मग पितो." आता त्यावर हसायला तुम्ही नाही.

मातीला सगळं गाव होतं. मी मागं उभा होतो, पिंपळाच्या पाराजवळ. खांदा द्यायला हाक आली तरी पाय उचलेना. कारण तुमच्यावर मी एक आळ घेतला होता. तुम्ही जाणूनबुजून ठेका मागं ठेवलात आणि माझी परीक्षा मोडलीत, असं मी तुमच्या तोंडावर बोललो होतो. तो आळ मागं घ्यायचा राहिला आणि तुम्ही गेलात. शेवटी खांदा दिला. तुम्ही फार हलके झाला होतात, अण्णा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षं मी पेटीवर आणि तुम्ही ढोलकीवर. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, श्रावणात भजनं, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, आणि पौर्णिमेला गाणगापूरच्या लॉजमध्ये उतरलेल्या भक्तांसमोर दत्ताची पदं. तुम्ही विहाराच्या गल्लीतले, मी शेतकरी मराठ्याच्या घरातला. माझ्या भावकीला तुमचा संशय, तुमच्या गल्लीला माझा. आणि आपण दोघं मिळून गाणाऱ्याचा संशय घेत बसायचो, की हा बाबा आता कुठल्या पट्टीत तोंड उघडतोय.

आपल्याकडचा गाणारा कधी सूर मागतो का? नाव नको. तो उठतो, टोपी सारखी करतो आणि कुठूनतरी सुरू करतो. पहिली ओळ संपायच्या आत मी त्याला पकडायचं, काळी दोन आहे का पांढरी चार. तुम्ही पहिली ओळ कधी वाजवलीच नाही. पंजा ढोलकीच्या तोंडावर ठेवून नुसतं ऐकायचात. मी पट्टी पकडली की तुम्हाला बरोबर कळायचं, आणि दुसऱ्या ओळीला तुम्ही धूम करून यायचात. त्या धूमनं माझ्या पोटातली भीती जायची. कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्या ओळीला मला दरवेळी भीती वाटायची. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही.

एकमेकांकडं बघायचं नाही, हा आपला कायदा. बघितलं की लोकांना कळतं, कुणाचं तरी चुकलं. आणि दुसरा कायदा तर आपण ठरवलाही नव्हता, तो आपसूक पाळला गेला. तू धावलास, तू मागं पडलास, हे एकमेकांना कधी म्हणायचं नाही. ह्या एका वाक्यावरून चांगल्या चांगल्या जोड्या मोडलेल्या आपण बघितल्यात. हळदीच्या मांडवात पेटीवाला एका कोपऱ्यात जेवतोय आणि ढोलकीवाला दुसऱ्या. आपण मात्र बावीस वर्षं एका पंगतीला बसलो.

मग माझ्या डोक्यात त्या ऑनलाइन क्लासचं खूळ शिरलं.

त्याला कारण होतं आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. लातूरकडच्या एका गायिकेनं भालकीच्या कार्यक्रमात मला चारचौघांत विचारलं, "दादा, ही चाल कुठल्या रागातली?" वीस वर्षं मी ती चाल वाजवतोय आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी उगीच भाता हलवत बसलो. तुम्ही पलीकडून म्हणालात, "बाई, ती आमच्या कमलनगरच्या रागातली हाय." सगळे हसले, बाईपण हसली. तुम्ही माझी अब्रू वाचवलीत. पण मी घरी येऊन तोंडावर पांघरूण घेऊन पडलो. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि हातातल्या सुरांची नावं येईनात. दोन दिवसांनी फोनवर जाहिरात दिसली, नोकरी-धंदा करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी घरबसल्या पेटी, पुण्याचे सर, टप्प्याटप्प्यानं परीक्षा. नाव घातलं.

मला त्या सरांचाही संशय होताच. पडद्यावर पंचवीस-तीस खिडक्या, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतली बाई, आणि मधे सर गोड हसतायत. मला वाटायचं, हा माणूस खरा बसलाय का जुनं चित्रण लावून दिलंय? म्हणून मी मधेच विचारायचो, "सर, तिकडं पाऊस आहे का?" ते बिचारे खिडकीतून बघून सांगायचे. तीन-चार वेळा विचारल्यावर एकदा म्हणाले, "दिगंबरराव, मी खरा आहे. आता आरोह वाजवा." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ढोलकी बाजूला ठेवून हसला होतात.

तुमची चेष्टा मात्र थांबायची नाही. पेटीला टेकवून ठेवलेल्या फोनला तुम्ही आल्या आल्या हात जोडायचात. "सर, बरं हाय का? चहा घेताव का?" मग मला म्हणायचात, "ह्या सराला घाम येतो का रे? न्हाई, घाम न येणारा माणूस मला पटत न्हाई."

"अण्णा, तुमाला कामून एवढं खुपायलंय?"

"मला कामून खुपंल बा? तू बोटं बदलायलास, बदल. माणूस बदलू नको म्हंजे झालं."

बोटं खरंच बदलत होतो. जन्मभर मी तीन बोटांवर वाजवलं, अंगठा कधी पट्टीला लावला नाही. सर म्हणाले, अंगठा आत घ्या. झालं, सहा महिने माझा हात ना इकडचा ना तिकडचा. औरादला जयंतीच्या कार्यक्रमात कडव्याच्या मधे माझी बोटं एकमेकांत अडकली आणि पेटी बंदच पडली. तुम्ही काय केलंत? ढोलकी अशी उठवलीत की लोकांना वाटलं, इथं पेटी थांबायचीच होती. शिट्ट्या पडल्या. गाणारा नाचायला लागला. मी सावरून परत आलो तेव्हा तुम्ही हात हळू केलात. त्यावर तुम्ही नंतर चकार शब्द काढला नाहीत. मी वाट बघत होतो की आता टोमणा येईल, जीपमध्ये येईल, उतरल्यावर येईल. आला नाही. तेव्हा मी काय समजलो सांगू? हा म्हातारा जपून ठेवायलाय, कधीतरी मोठ्या मौक्यावर काढील. असा माझा स्वभाव. तुमच्या उपकारातसुद्धा मी मेख शोधली.

त्यात उदगीरच्या एका शाळेनं कळवलं, तिसरी परीक्षा पास व्हा, पुढच्या जूनपासून संगीताचे मास्तर म्हणून घेतो. मी पेढे घेऊन तुमच्याकडं आलो. तुम्ही अर्धा खाल्लात, अर्धा हातात ठेवलात. म्हणालात, "मास्तर. बरं हाय. मग पेटी शाळेतच राहणार म्हण की."

एवढंच बोललात. पण माझ्यासारख्याला एवढं पुरतं. मी घरी जाऊन बायकोला, मंगलला सांगितलं, अण्णाला हे आवडलेलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या मनाचं काय सांगाव. माणूस गप बसला तरी तुमाला ऐकू येतंय." आता वाटतं, तुम्हाला खरंच आवडलं नसेल. माझ्याशिवाय तुम्ही कुणासोबत बसणार होतात? हे वाईट वाटणं होतं, अण्णा, वैर नव्हतं. दोन्हींतला फरक मला तेव्हा कळायला पाहिजे होता.

मग तुमची छाती दुखायला लागली आणि सुनंदा तुम्हाला गुलबर्ग्याला घेऊन गेली. दवाखान्याच्या पिशव्यांबरोबर ढोलकीही गेली. इकडं माझी तिसरी परीक्षा आली. अट अशी की पेटीसोबत जिवंत माणसाचा ठेका पाहिजे, यंत्राचा चालणार नाही. औरादचा एक तबलजी तयार होता. पण मी फोनवर नुसतं बोललो आणि तुम्हीच म्हणालात, "आता परक्याच्या ठेक्यावर बसणार व्हय रे? मी हाय की. फोन लाव."

तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. तुम्ही पलंगावर, पाठीला उशी, मांडीवर ढोलकी, अंगात लेकीनं घातलेला स्वेटर. मी इकडं माझा फोन पेटीसमोर आणि मंगलचा फोन रेकॉर्डिंगला. साधा केरवा. झोपेत वाजवू असा ताल. पहिली दोन आवर्तनं बरी गेली. मग तुमची धूम मला किंचित मागं वाटली. मी थांबलो, तुम्हाला घेतलं. परत मागं. मी परत थांबलो. असं करत करत आपण चढाला लागलेल्या भरल्या ट्रॅक्टरासारखे हळू हळू झालो आणि गाणं जागेवरच बसलं.

तुम्ही म्हणालात, "दिगू, मागं पडायलास."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य आलं आणि तेही तुमच्या तोंडून. माझं डोकंच फिरलं.

"मी? अण्णा, मी नीट हाय. तुमी मागं पडायलाव."

"बरं. परत घे."

परत घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर तुम्ही डोळे मिटून, मान खाली घालून वाजवत होतात. मला त्यात तुमची एकाग्रता दिसली नाही, लबाडी दिसली. डोळे कामून मिटले? माझ्याकडं बघायची लाज वाटायली म्हणून? जो माणूस अडकलेली पेटी झाकून नेतो, त्याला साधा केरवा धरता येत नाही? पेढा अर्धाच का खाल्ला होता, मास्तर म्हणताना आवाज कसा होता, सगळं एकदम डोक्यात गोळा झालं. आणि मी ते बोललो.

"तुमी मुद्दाम करायलाव, अण्णा. मी मास्तर होऊ नये म्हणून ठेका मागं ठेवायलाव."

तुम्ही ढोलकी मांडीवरून खाली ठेवलीत. मग म्हणालात, "न्हाई रे. हात गेला असंल माझा." आणि सुनंदाला हाक मारून फोन बंद करायला लावलात.

मी ह्याचाही अर्थ काय लावला, माहीत आहे? म्हटलं, बघा कसा टोमणा मारतोय. आजारपण पुढं करतोय.

पुढं मी औरादच्या तबलजीला घेऊन रेकॉर्डिंग पाठवलं आणि पास झालो. नीट वाजवतो तो पोरगा, तक्रार नाही. पण पहिल्याच ओळीला चालू होतो. मला त्याला थांबवावंसं वाटतं आणि थांबवता येत नाही. कसं सांगणार, की बाबा, आधी ऐक.

पाचव्या दिवशी तुमच्या जलदानाच्या विधीला विहारात मी पेटी घेऊन आलो होतो. सुनंदानंच बोलावलं. वंदना झाली, चार जण बोलले, आणि मला एक गाणं वाजवायला सांगितलं. ढोलकीवर बसतो म्हणून दोघं-तिघं पुढं आले. मी नको म्हणालो. गाणारा उठला, कुठूनतरी सुरू झाला, मी पट्टी पकडली आणि दुसरी ओळ आली. मी वाट बघितली, अण्णा. वेड्यासारखी वाट बघितली. मग तसंच पुढं वाजवलं. गाणं भरधाव पळत होतं आणि मला आवरत नव्हतं.

जेवणं झाल्यावर लोक पांगले. सुनंदा पत्रावळ्या गोळा करत होती. तिनं हातातल्या तशाच खाली ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता ही भांडणार. मी उत्तरं तयार करायला लागलो.

ती म्हणाली, "काका, एक विचारते. रागवू नका. अप्पाचा हात खरंच गेला होता का?"

मी म्हणालो, "असं कामून विचारायलीस?"

मग तिनं सांगितलं. त्या फोननंतर तुम्ही ढोलकी जावयाच्या कपाटावर ठेवून दिलीत आणि पुन्हा काढली नाहीत. सकाळी जावई कामाला गेला की तुम्ही भिंतीवरच्या घड्याळासमोर स्टीलची ताटली मांडीवर घेऊन बसायचात आणि टिकटिकीवर बोटं लावून बघायचात. जुळायचं. ती म्हणायची, बगा अप्पा, बरोबर तर यायलंय. तुम्ही म्हणायचात, "घड्याळासंगं कुणाचं बी जुळंल, बाई. माणसासंगं जुळाया पायजे." तिनं तुम्हाला सांगूनही बघितलं की काका रागात बोलले असतील. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते तिनं तुमच्याच आवाजात मला सांगितलं.

"दिगू संशयी हाय, पर सुरातालात खोटं बोलायचा न्हाई. त्यो मागं पडलाव म्हणला म्हंजे मी पडलो."

मी तुमच्यावर लबाडीचा आळ घेतला, आणि तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावर संशय घेत बसलात. मला तिथंच रडू फुटलं. सुनंदाला वाटलं, मी तुमच्या आठवणीनं रडतोय. तिनं पाणी दिलं. मी तांब्यात न बघता प्यायलो.

मग मी तिला समजावून सांगितलं. म्हणालो, अप्पाचा हात गेला नव्हता गं. फोनवर आवाज जायला थोडा वेळ लागतो. मी इकडं वाजवलेलं त्यांना उशिरा ऐकू येणार, त्यावर त्यांनी बरोबर वाजवलेलं मला आणखी उशिरा ऐकू येणार. दोघंही तालात असतात आणि दोघांनाही दुसरा मागं पडलेला वाटतो. मग एक दुसऱ्यासाठी थांबतो, दुसरा पहिल्यासाठी, आणि गाणं बसतं. क्लासमध्ये एका बाईंनी विचारलं की घरून फोनवर तबल्यासोबत सराव करू का, तेव्हा सरांनी हे सांगितलं. म्हणाले, असं जगात कुणालाच जमत नाही, उगीच मैत्री मोडाल.

सुनंदानं पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "हे तुमाला कवा कळलं, काका?"

मी म्हणालो, "परवा. परवाच्या क्लासला."

"व्हय का," म्हणाली. "चार दिवस आधी कळलं असतं तर अप्पाला सांगता आलं असतं." आणि उठून पुन्हा पत्रावळ्या उचलायला लागली. तिला माझा संशय आला नाही. तुमचीच लेक.

अण्णा, तिला मी खोटं सांगितलं. मला ते तुम्ही जायच्या आठ दिवस आधी कळलं होतं. रविवारच्या क्लासमध्ये. सरांवर विश्वास बसला नाही म्हणून मी मंगल माहेरी भालकीला गेली होती तेव्हा तिला फोनवर टाळ्या वाजवायला लावल्या. दर टाळी मागं पडत होती, आणि ती मलाच म्हणत होती, "अवो, तुमीच मागं पडायलाव." ती दुपारी घरी आल्यावर समोर बसवून परत वाजवलं, तर काट्यावर काटा. म्हणजे मला पक्कं कळलं होतं. त्याच दुपारी फोन हातात घेतला, तुमचं नाव काढलं, आणि ठेवून दिला. वाटलं, तुम्ही हसाल. म्हणाल, मोबाइलच्या सरानं सांगितल्यावर माझ्यावर इमान बसलं व्हय रे. दुसऱ्या दिवशी वाटलं, तुम्हाला हे केव्हाच कळलेलं असेल आणि मी पहिला फोन करतो का ते तुम्ही तिकडं बसून बघत असाल. तिसऱ्या दिवशी ठरवलं, पौर्णिमेला गाणगापूरला तुम्ही येणारच, समोरासमोर सांगू. रोज काहीतरी सुचत गेलं. तिकडं तुम्ही रोज ताटली घेऊन घड्याळासमोर बसत होतात.

तुमचा हात गेला नव्हता, अण्णा. त्या दिवशी तुमचा एकही ठेका मागं पडला नव्हता. एवढं सांगायला एक फोन पुरला असता, आणि माझ्याकडं आठ दिवस होते.